भिंत कुणाच्या बापाची?

दोस्तांनो, वस्तीत सरकारी रंगाचे डबे उतरले की पहिला सवाल एकच टाकायचा : झाकायचं काय आहे?

फेब्रुवारी २०२०. अमेरिकेचा अध्यक्ष ट्रम्प अहमदाबादेत यायचा होता. त्याची मोटार ज्या रस्त्यानं जाणार त्या रस्त्याकडेला झोपडपट्टी. माणसं रातोरात गायब करता येईनात, म्हणून त्यांच्यापुढं भिंत बांधली. ह्या देशात गरिबाच्या घराची भिंत पडली तर पंचनाम्याला कुणी फिरकत नाही, पण गरीब दिसू नये म्हणून भिंत बांधायची तर गवंड्यांची फौज उभी राहते. शहरातल्या बाकीच्या भिंतींवर दोन्ही पुढाऱ्यांची हसरी थोबाडं रंगवली ती वेगळीच. डिसेंबर २०२२. जी-२० चे पाहुणे मुंबईत आले. हमरस्त्याकडेच्या झोपड्यांपुढं पडदे ताणले, फलक ठोकले. पाहुणे गेले, पडदे निघाले, आम्ही होतो तिथंच होतो. त्याच साली मुंबईच्या सौंदर्यीकरणाची घोषणा झाली, सतराशे कोटींच्या आसपासची. पुलाखाली रंग, खांबाला रंग, कुंपणाला रंग, झाडांना दिव्यांच्या माळा. झाडांची झोप उडवली. आमची आधीच उडालेली.

आता डबे आमच्या वस्तीत आलेत. पाहुणा कुणी नाही. सौंदर्यच पाहुणं म्हणून येणार आहे.

आमच्या वस्तीच्या कडेला एक बाग आहे. कागदावर तिला 'उद्यान' म्हणतात. उद्यान म्हंजे काय, तर एक फुटकी घसरगुंडी, झोपाळ्यांच्या साखळ्या (झोपाळे गेले, साखळ्या राहिल्या), चार बाकडी, एक नळ ज्यातून फक्त हवा येते, नि तीन बाजूंनी आठ फुटी भिंत. गेटावर पाटी : झोपू नये, जेवू नये, पत्ते खेळू नये, चेंडू खेळू नये, फुलं तोडू नये. फुलं नाहीतच, तोडणार काय डोंबल! दुपारी गेटाला कुलूप. ज्या वेळेला नाक्यावर काम न मिळालेला माणूस सावली शोधतो, नेमक्या त्याच वेळेला. सकाळी नि संध्याकाळी उघडी, म्हंजे पोटं सुटलेल्यांच्या वेळापत्रकानं उघडी. आमच्या वस्तीला पोट सुटायला अजून अवकाश आहे.

ह्या तीन भिंतींवर चित्रं काढायची असं ठरलंय. कुणी ठरवलं? विचारू नका. 'वरून' ठरलंय. एका कंपनीचा पैसा, एका संस्थेची माणसं, वॉर्ड ऑफिसचा शिक्का. नकाशा मी पाहिला. कॉम्प्युटरवर काढलेला, रंगीत, लॅमिनेट केलेला. पूर्वेच्या भिंतीवर गुलाबी फ्लेमिंगो. दक्षिणेला फुलपाखरं, नि फुगा धरून उडणारी एक गोरी पोर. उत्तरेला वारलीतली गोल नाचणारी माणसं, नि त्यांच्या शेजारी हातमोजे घातलेला, झाडू घेतलेला, हसणारा 'स्वच्छता दूत'.

पूर्वेच्या भिंतीचं आधी सांगतो. कारण भांडण तिथं आहे.

गेटाला लागून ह्या भिंतीवर सहा बाय चारचा एक काळा चौकोन आहे. आमचा फळा. माथ्यावर निळ्या ऑइलपेंटात 'जय भीम', खाली खडूचं राज्य. कोण वारलं, मयत किती वाजता निघणार. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख. जातपडताळणीला कुठकुठले कागद लागतात. उद्या पाणी किती वाजता. सहा डिसेंबरला दादरला पाणी वाटायला कोण कोण थांबणार. कुणाची पोरगी बारावीला किती टक्क्यांनी पास. कुठल्या कंपनीत भरती आहे नि तिथला मुकादम पैसे खातो का. वर्तमानपत्रं ज्या बातम्या छापत नाहीत त्या ह्या फळ्यावर येतात, नि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसल्या जातात. मोबाईल आले, ग्रुप आले, तरी फळा मेला नाही. कारण ग्रुपमधून म्हातारीला काढून टाकता येतं, फळ्यापुढून हाकलता येत नाही. मी पेंटर आहे. दर दोन वर्षांनी त्या चौकोनाला काळा रंग नि अक्षरांना निळा मीच मारतो. पैसे कुणी देत नाही, मी मागत नाही.

नकाशात त्या जागी फ्लेमिंगो आहे. एका तंगडीवर उभा.

मी संस्थेच्या पोराला विचारलं, "भाऊ, फळा?" तो म्हणाला, "सर, ते आपण क्लीन करून घेऊ." क्लीन! ऐकलंत दोस्तांनो? जिथं आमच्या मयताची वेळ लिहितात ती जागा घाण आहे, नि तिथं पक्षी बसला की ती साफ झाली. मला महाड आठवलं. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं कागदावर खुलं केलं. कागदावर! पाण्यापर्यंत पोचायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर माणसांना चालत जावं लागलं. ओंजळभर पाणी प्यायलो नि डोकी फुटली. आणि मग सनातन्यांनी काय केलं? तळं शुद्ध केलं. शेण नि गोमूत्र ओतून. ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठरावही मागं घेतला. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागायला १९३७ उजाडलं. तेव्हा गोमूत्र होतं, आता इमल्शन आहे. तेव्हा भट होता, आता लॅमिनेट केलेला नकाशा आहे. जागा सार्वजनिक म्हणायची, आणि आमच्या हाताची खूण दिसली की धुऊन काढायची, ही खोड शंभर वर्षांत सुटलेली नाही.

मला रंगाचा राग नाही. रंगावर माझं पोट आहे. अठरा वर्षांचा असल्यापासून मी शटरं रंगवली, ट्रकांची मागची बाजू रंगवली, निवडणुकीत सगळ्या पक्षांची चिन्हं रंगवली (पैसे एकाही पक्षानं वेळेवर दिले नाहीत, ह्या बाबतीत लोकशाहीत पूर्ण समता आहे). मग फ्लेक्स आला, नि वस्तीतले पेंटर एकेक करून वॉचमन झाले. अक्षर वळवायला ज्यानं दहा वर्षं घातली तो आता लिफ्टचं बटण दाबतो. आज भिंती रंगवायचे दिवस आले म्हणतात, तर मला आनंद व्हायला हवा. होत नाही. कारण धंदा मला आतून माहीत आहे.

धंदा असा चालतो. कंपन्यांच्या कायद्यात २०१३ साली कलम आलं की ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. चांगलं वाटतं. पण समाजासाठी म्हंजे कशासाठी, ते कंपनी निवडते. गटार बांधलं तर गटाराचा फोटो कोण छापणार? भिंत रंगवली तर फोटोच फोटो. भिंत बोलत नाही, भिंत हिशेब मागत नाही, भिंत युनियन करत नाही. मग दर चौरस फुटाला भाव ठरतो. हा भाव संस्थेला मिळतो, संस्था कंत्राटदाराला देते, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला, नि शेवटी परातीवर चढून घासकाम करणाऱ्याच्या, पुट्टी भरणाऱ्याच्या, चौकटी आखून चित्र भिंतीवर मोठं करणाऱ्याच्या हातात पडते ती दिवसाची हजेरी. चौरस फूट वरच्यावर विरघळतात. चित्राखाली सही मात्र बाहेरून आलेल्या 'आर्टिस्ट'ची. आम्ही कामगार, तो कलावंत. आम्ही भिंतीची ओल काढतो, तो भिंतीला आशय देतो. चातुर्वर्ण्य कुठं संपलंय? परातीवर चढून बघा, वरच्या फळीवर कोण नि खालच्या फळीवर कोण!

ओलीचं निघालं म्हणून सांगतो. आमच्या बागेच्या भिंतीमागून गटार जातं. भिंत वर्षभर पाणी पिते. असल्या भिंतीवर तुम्ही कितीही महागडा बाहेरचा रंग मारा, पहिल्या पावसात फुगे येतात, दुसऱ्या पावसात पोपडे पडतात. भिंत टिकवायची तर आधी गटार दुरुस्त करायला लागतं. हे मी नकाशेवाल्यांना सांगितलं. त्यांच्या बजेटमध्ये गटार नाही. म्हणजे दोन वर्षांनी फ्लेमिंगोला महारोग होणार, हे आजच ठरलंय. पण तोवर फोटो निघालेले असतील.

आता तो हसणारा झाडूवाला. सालं सगळ्यात जास्त माझं डोकं फिरतं ते ह्याला बघून. चित्रात त्याला हातमोजे आहेत, गमबूट आहेत, दात पांढरे आहेत. आमच्या वस्तीतले सफाईला जाणारे मी ओळखतो. त्यांच्या हातमोज्यांची कथा फळ्यावर लिहायला लागलो तर खडू पुरायचा नाही. कागदोपत्री २०१३ चा कायदा आहे, हातानं मैला उचलायला लावणं गुन्हा आहे. माणसं गटारात उतरतात, गुदमरतात, मरतात. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा म्हणून औद्योगिक न्यायाधिकरणानं २०१४ साली सांगितलं. पालिकेनं काय केलं? वरच्या कोर्टाची पायरी चढली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा कुठं हलली. जो माणूस कायम होऊ नये म्हणून सरकारी वकील दिल्लीपर्यंत जातात, त्यालाच भिंतीवर 'दूत' म्हणून चिकटवायचं! दूत म्हंजे देवाचा नोकर. देवाच्या नोकराला पगार नसतो, प्रॉव्हिडंट फंड नसतो, हा त्यातला डाव. नि दोस्तांनो, आणखी एक बघा. वस्तीच्या बागेत चित्रातला माणूस झाडूवालाच का? आमची पोरगी वकील झाली, एक पोरगा मेट्रोचा ड्रायव्हर आहे, दोन नर्सा आहेत. नकाशेवाल्याला वस्ती म्हटलं की झाडू दिसतो. मनूला पण तेच दिसायचं.

वारलीचंही तसंच. गोल नाचणारी माणसं आता बँकेच्या भिंतीवर आहेत, टोलनाक्यावर आहेत, मुतारीवर आहेत. वारल्यांच्या घरी बाया लग्नाचा चौक लिहायच्या, तांदळाच्या पिठानं, कुडाच्या भिंतीवर, नि ते लिहिणं कुणाच्याही हातचं काम नव्हतं. जिव्या सोमा मशे ह्या माणसानं ती रेघ जगभर नेली. आता कंत्राटदाराकडे तिचा पत्र्यात कापलेला साचा आहे. साचा ठेवला, स्प्रे मारला, नाच तयार. नाचणारी माणसं कुठं आहेत? आरेच्या पाड्यांत विचारा. ऑक्टोबर २०१९ ला त्या जंगलात रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली, मेट्रोच्या कारशेडसाठी. पाड्यातली माणसं ओरडत राहिली. माणूस हाकलायचा नि त्याची रेघ ठेवून घ्यायची. उद्या आम्हालाही हाकलतील नि आमच्या वस्तीच्या जागी उठलेल्या टॉवरच्या लॉबीत निळ्या रंगात 'जय भीम' फार कलात्मक लिहितील. हसू नका. लिहितील.

तुम्ही म्हणाल, असल्फ्याचं बघ की. घाटकोपरची टेकडी, डिसेंबर २०१७ मध्ये स्वयंसेवकांनी रंगवली, रंगाच्या कंपनीनं रंग दिला, पेपरांत इटलीतल्या गावाची उपमा आली. बघितलं मी. मेट्रोतून सुरेख दिसतं, खोटं कशाला बोलू. रंगवणारी पोरं मनापासून राबली असतील, त्यांच्याशी माझं वैर नाही. पण ते चित्र कुठून बघायचं ह्याची जागा ठरलेली आहे : मेट्रोच्या डब्यातून. डोंगर चढून घरी जाणाऱ्या बाईला तिथून मेट्रो कशी दिसते, हे कुणी रंगवलं? चित्र कुणाच्या डोळ्यासाठी आहे हे चित्राचे पैसे मोजणारा ठरवतो. आमच्या बागेतही बघा ना. पूर्वेची भिंत आतून रंगवायची नि बाहेरून पण, कारण बाहेरून समोरच्या नव्या इमारतीच्या बाल्कन्या आहेत. फ्लॅटला 'व्ह्यू' लागतो. आजवर त्यांच्या व्ह्यूमध्ये आम्ही होतो.

ह्या चळवळीच्या पोरांनी कातडीच्या रंगावरून मार खाणाऱ्यांचं नाव घेतलं, १९७२ साली, ब्लॅक पँथर वाचून दलित पँथर झाली. मग त्यांच्या भिंती पण वाचायला पाहिजेत. शिकागो, १९६७. दक्षिण भागातल्या काळ्या वस्तीत, त्रेचाळिसाव्या रस्त्यावर एक पडकी इमारत. काळ्या चित्रकारांनी तिच्यावर आपली माणसं रंगवली : माल्कम एक्स, मुहम्मद अली, डुबॉईस. तिला नाव पडलं सन्मानाची भिंत. पालिकेचं टेंडर नव्हतं. कंपनी नव्हती. भिंतीपुढं सभा व्हायच्या, कविता व्हायच्या, चित्रातली माणसं बदलावी का ह्यावर भांडणं व्हायची, नि चित्र बदललं जायचं. १९७१ साली तिला आग लागली, मग ती पाडलीच. पण तोवर अमेरिकेतल्या शहराशहरांत काळ्या वस्त्या आपल्या भिंती रंगवायला लागल्या होत्या.

आणि सॅन डिएगो. ही गोष्ट तर बागेचीच आहे, म्हणून नीट ऐका. मेक्सिकन मजुरांची वस्ती, लोगन हाइट्स. तिच्या पोटातून आधी हायवे नेला, मग १९६९ साली खाडीवरचा पूल झाला, नि पुलाचे राक्षसी खांब वस्तीत रोवले. घरं गेली. सरकार म्हणालं, पुलाखाली तुम्हाला बाग देतो. २२ एप्रिल १९७० ला बुलडोझर आले. लोकांना वाटलं बाग होतेय. बाग कसली, हायवे पोलिसांची चौकी नि त्यांच्या गाड्यांचा तळ! पोरं शाळा-कॉलेजातून उठून आली, बाया आल्या, म्हातारे आले, हातात हात घालून बुलडोझरपुढं उभे राहिले. बारा दिवस जागा सोडली नाही. स्वतःच खणायला लागले, निवडुंग लावला, फुलं लावली. सरकार झुकलं. जागा मिळाली. आणि चित्रं? चित्रं १९७३ साली सुरू झाली. त्याच खांबांवर, ज्या खांबांनी घरं खाल्ली. आधी जमीन, मग झाड, तीन वर्षांनी रंग. आज त्या चिकानो पार्कला अमेरिकेचं सरकार राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणतं, २०१६ पासून. ज्यांनी चौकी बांधायला बुलडोझर पाठवला होता त्यांचंच राज्य ते!

आमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी रंग. नळ नंतर, सावली नंतर, कुलूप कधीच नाही.

आता एक अडचणीची गोष्ट. परवा नळावर एका मावशीनं मला थांबवलं. म्हणाली, "अरे बाळा, रंगवू दे की त्यांना. बरं दिसंल. पोरांना बरं वाटंल. सारखं काय भांडत बसतोस?" ह्या मावशीला मी उलट बोललो नाही, बोलणारही नाही. तिनं चाळीस वर्षं ती मळकी भिंत बघितलीय. तिला गुलाबी रंग बघावासा वाटतो, तर तो तिचा हक्क आहे. गरिबाला सौंदर्य कशाला, असं म्हणणारा क्रांतिकारक पण मला नको. तो बहुतेक वेळा खात्यापित्या घरचा असतो. आमच्या बायांनी पत्र्याच्या डब्यात तुळशी नाही तर झेंडू-शेवंती लावली, चौदा एप्रिलला दारात रांगोळी काढली, पंचशीलाचे झेंडे शिवले, वर्गणी काढून बाबासाहेबांचे पुतळे बसवले. पोटाला चिमटा घेऊन सार्वजनिक कला उभी करणारा आमच्याएवढा समाज ह्या महाराष्ट्रात दाखवा. नि त्या कलेपायी आम्ही रक्तही सांडलंय. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. पुतळ्याला चपलांचा हार घातला, लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं मेली. आम्हाला चित्र नि पुतळा म्हंजे शोभेची वस्तू नाही, हे त्या दिवशी तरी कळायला हवं होतं.

मावशीला मी एवढंच विचारलं, "मावशी, बागेत तुला आणखी काय पाहिजे?" म्हणाली, "दिवा." रात्री पाळी करून येणाऱ्या पोरी त्या भिंतीकडेनं येतात. खांबावरचा दिवा गेलाय. "नि संडासाच्या दाराला कडी." मग म्हणाली, "नि दुपारी उघडी ठेवा म्हणावं, घरात पत्रा तापतो." बघा. एका मिनिटात तिनं जो नकाशा काढला तो लॅमिनेट केलेल्या नकाशात कुठंच नाही. तिला कुणी विचारलंच नाही. नाही, विचारलं! संस्थेनं 'लोकसहभाग' केला होता. बागेत सतरंजी टाकून पोरांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या : तुमच्या स्वप्नातली बाग लिहा. एका पोरानं लिहिलं 'पाणी'. संस्थेच्या बाईंनी फार कौतुक केलं नि नकाशात निळी लाट काढली.

उजळणं, उजळणं म्हणतात. गोवंडीला जाऊन या. पुनर्वसनाच्या इमारती, लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड. दोन इमारतींत इतकं कमी अंतर की खालच्या मजल्यांना ऊन माहीत नाही, वारा माहीत नाही. तिथल्या बांधणीचा नि क्षयाचा संबंध दाखवणारा अभ्यास २०१८ साली आला. तिथं भिंतीवर पिवळा सूर्य काढून छातीतला क्षय जाणार आहे का? ऊन काढता येत नाही, ऊन यायला जागा सोडावी लागते. आणि जागा सोडायची म्हटलं की ह्यांच्या पोटात गोळा येतो. ह्या मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते, म्हंजे एक माणूस कसाबसा आडवा पडेल एवढी. तीही बागेत, नि बागेत झोपू नये अशी पाटी.

सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. नकाशावर आपल्यातल्याच दोघांच्या सह्या आहेत. एकाला उद्घाटनाच्या पाटीवर नाव पाहिजे. दुसरा शिकलेला, पँटशर्टातला, मला म्हणाला, "किती दिवस ते निळं नि काळं? आता आपण पण जरा मॉडर्न दिसायला पाहिजे." मॉडर्न! जो समाज १९५६ साली लाखांच्या संख्येनं धर्म बदलून मोकळा झाला, त्याला हा फ्लेमिंगो दाखवून मॉडर्न करणार. समोरच्या बाल्कनीला आपण आवडावं, एवढीच ह्याची क्रांती. तिला आपण आवडणार नाही रे. तिला भिंत आवडेल.

म्हणून आम्ही काही तरुणांनी वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय. चित्रं नकोत असं आम्ही लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं : भिंतीमागचं गटार आधी दुरुस्त करा. नळाला पाणी नि खांबाला दिवा आल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही. बाग दुपारी उघडी. दलित वस्ती सुधारणेच्या नावानं येणारा एक पैसाही रंगावर नाही, तो पैसा गटार-संडासाचा आहे. चित्र कुठलं, हे वस्तीची सभा ठरवेल, सभेत बाया निम्म्या असतील, नि पाच वर्षांनी चित्र आवडेनासं झालं तर पांढरा हात मारायचा अधिकार सभेचा. काम वस्तीतल्या पेंटरांना, चौरस फुटाच्या भावानं, मधली सगळी माणसं काढून. सही करायची तर सगळ्यांची, पुट्टीवाल्याची पण. आणि फळा हलणार नाही. दीड फूट इकडे नाही, दीड फूट तिकडे नाही. फ्लेमिंगोला पाहिजे तर त्याच्या शेजारी उभं राहू द्या, त्याला वाचता येत नसलं तरी आमची हरकत नाही.

साहेबानं अर्ज घेतला, शिक्का मारला, म्हणाला, "हरकत आठ दिवसांत सभेच्या ठरावासकट आली तर विचार करू." ठरावाला सह्या लागतील. सभा येत्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता, बागेत, पूर्वेच्या भिंतीपाशी. सतरंज्या बुद्धविहारातून आणायच्यात, त्याला चार पोरं लागतील. दिवा नाही, तेव्हा बॅटऱ्या आणा. ज्यांनी नकाशावर सह्या केल्या त्या दोघांनाही बोलावलंय, त्यांनी येऊन लोकांसमोर बोलावं.